घातक आनुवंशिक निद्रानाश

चुकीच्या घडणीच्या प्रायॉन प्रथिनांमुळे मेंदूला होणारा, झोप हिरावून घेत मृत्यूकडे नेणारा दुर्मीळ विकार. जगातील मोजक्याच घराण्यांत तो आढळतो. त्यांपैकी इटलीतील व्हेनेतो भागातल्या एका घराण्याचा माग अठराव्या शतकापर्यंत लागतो. तिथल्या मृत्यूंची पिढ्यान्‌पिढ्या भलतीच निदाने होत राहिली. अखेर घराण्याच्या एका डॉक्टर जावयाने जुन्या नोंदी जुळवल्या आणि १९८४ मध्ये एका आजारी नातलगाला बोलोन्याचे मेंदूविकारतज्ज्ञ एलिओ लुगारेझी यांच्याकडे नेले. लुगारेझी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

विकाराचे मूळ विसाव्या गुणसूत्रावरील पीआरएनपी या जनुकात आहे. प्रायॉन प्रथिनाच्या १७८ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजिन येते. याच बदललेल्या प्रथिनात १२९ व्या स्थानी मेथिओनिन असल्यास हा विकार होतो, व्हॅलिन असल्यास बहुधा क्रॉइट्‌झफेल्ट-याकोब रोग हा दुसरा प्रायॉन विकार. आई किंवा वडील वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते.

लक्षणे बहुधा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे मुलेबाळे झाल्यावर दिसतात. झोप तुटते, घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढतो. पुढे तोल जातो, बोलणे अडखळते, वजन घटते. रुग्ण जागेपणीच स्वप्नात शिरतो आणि हवेत केस विंचरल्यासारखे हात हलवतो. झोपेच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. सरासरी दीड वर्षात मृत्यू येतो. शवविच्छेदनात मेंदूच्या थॅलॅमस या भागातील पेशींचा मोठा ऱ्हास आढळतो.

‘झोप न मिळाल्याने माणूस मरतो’ याचा पुरावा म्हणून हा विकार सर्रास सांगितला जातो. तो तसा पुरावा नाही. येथे मेंदूच नष्ट होत असतो आणि निद्रानाश हा त्या नाशाचा एक परिणाम. निरोगी माणसाचे उदाहरण वेगळे आहे: सॅन डिएगोचा रँडी गार्डनर १९६३-६४ मध्ये २६४ तास जागा राहिला आणि नंतर सावरला. शिकागो विद्यापीठात ॲलन रेख्टशाफेन यांनी सतत जागे ठेवलेले उंदीर मात्र दोन-तीन आठवड्यांत मेले. जास्त खाऊनही त्यांचे वजन घटत होते, पण मृत्यूचे नेमके कारण सापडले नाही.

मग झोप कशासाठी? जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचते व झोपेची ओढ वाढते. कॉफी ॲडिनोसिनचा हाच संकेत अडवते. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक स्रवते, स्मृती पक्क्या होतात. झोपेत मेंदूतील कचरा अधिक वेगाने धुतला जातो, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले. त्यावर वाद चालू आहे. एकच उत्तर शोधणेच बहुधा चुकीचे.

घातक आनुवंशिक निद्रानाशावर मात्र खात्रीचा इलाज नाही. इटलीतील घराण्यातल्या वाहकांवर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची प्रतिबंधक चाचणी योजली गेली. आपण वाहक आहोत का, हे सहभागींना जाणून घ्यायचे नव्हते. म्हणून दोष नसलेल्या नातलगांनाही तीत घेऊन बिनऔषधी गोळ्या देण्याचे ठरले.