आकाशांत सोडलेले सहा गोळे

दुकानदाराचा तराजू तपासावयाचा तर प्रमाणित वजन हाताशीं असावें लागतें, हें श्रोत्यांना ठाऊकच आहे. १९९४ सालीं अमेरिकेला असें एक प्रमाण थेट अंतराळांत नेऊन सोडावें लागलें, त्याची ही हकीकत.

पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या केराचा पहिला लोट २९ जून १९६१ रोजीं उठला. ट्रान्झिट ४-अ हा उपग्रह वर नेणाऱ्या अग्निबाणाचा टप्पा त्या दिवशीं फुटला व त्याचीं शेंकडों शकलें झालीं. पुढें असे स्फोट वाढतच गेले. मोठे तुकडे रडारला दिसत. पण सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगानें धांवणारी बोराएवढी कपचीहि यानाची भिंत भेदूं शकते, आणि तिची गणती कोणापाशींच नव्हती. अंतराळ-स्थानकाला चिलखत किती जाड चढवावें, हा हिशोब तेथेंच अडला होता. म्हणून १९९० पासून मॅसॅच्युसेट्समधील हेस्टॅकचें रडार या कामाला लागलें. त्याची तबकडी सुमारें ३७ मीटर रुंद. सेंटिमीटरभर तुकड्याचा पडसादहि तें टिपी. परंतु अमुक पडसाद म्हणजे अमुक आकार, हें ठरवावें कशावरून?

तोड निघाली ती गोळ्याची. गोळा कोणत्याहि बाजूनें सारखाच दिसतो, आणि त्याच्यावरून लहरी कशा परततात याचें गणित गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञानें १९०८ सालींच मांडून ठेवलें होतें. डिसेंबर १९९२ मधील पहिला प्रयत्न यंत्राच्या बिघाडानें फसला. फेब्रुवारी १९९४ मध्यें ‘डिस्कव्हरी’ यानांतून दोन, चार व सहा इंच व्यासाचे प्रत्येकीं दोन, असे धातूचे सहा गोळे सोडण्यांत आले. इतका निरुपद्रवी उपग्रह क्वचितच झाला असेल!

वर्षानें तीन गोळ्यांबरोबर तीन बारीक तारा सोडल्या, त्यांतील खुबी निराळी. हेस्टॅक पिळाची लहर पाठवितें. गोळ्यावरून ती उलट्या पिळानें परतते. तार मात्र दोन्ही पिळांच्या लहरी सारख्याच परतविते. म्हणजे पडसादावरून वस्तूची घडणहि ओळखतां येते. ९०० ते १,००० किलोमीटर उंचीवर हेस्टॅकला जो दाट थवा आढळला होता, तो गोलाकार कणांचा आहे हें याच भेदावरून कळलें. ते होते सोव्हिएट उपग्रहांच्या अणुभट्ट्यांतून गळालेले सोडियम-पोटॅशियमचे थेंब. आकाशांतील केर म्हणजे फुटका पत्रा, एवढीच कल्पना असणारांना हें नवलच होतें.

ते सहा गोळे मात्र फार खालच्या कक्षेंत होते. तेथल्या विरळ हवेच्या घर्षणानें ते एकामागून एक खालीं आले आणि जळून गेले.