तळीतला स्पंज आणि नकाशावरचा ठिपका

आचऱ्यात रामेश्वराच्या देवळापासून जरा आडवाटेला गेले की माडांच्या सावलीत जांभ्या दगडाने बांधलेली एक जुनी तळी आहे. दोन वर्षांपूर्वी माघात मी तिच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाणी तीन पायऱ्या खाली गेले होते आणि उघड्या पडू लागलेल्या दगडांवर हिरवट-करडे, बोटाएवढे जाड थर दिसत होते. त्यांतला एक मी नखाने खरवडू लागलो, तोच वरून आवाज आला, “बाबा, हात लावू नको त्येका. खाज येतली.” धुणे घेऊन आलेली एक म्हातारी बोलत होती. हे काय आहे, असे विचारताच तिने माझ्याकडे जरा कीवेनेच पाहिले. “शेवाळ आसा तां. दुसरां काय असतला?”

ते शेवाळ नव्हते. ती गोड्या पाण्यातल्या स्पंजाची वसाहत होती. स्पंज हा प्राणी आहे. शरीरभर पसरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी आत घेतो, त्यातले अन्नकण टिपतो आणि मोठ्या छिद्रांतून पाणी बाहेर सोडतो. हिरवा रंग त्याचा स्वतःचा नसतो, त्याच्या अंगात वस्तीला आलेल्या शैवालाचा असतो. आणि त्याचा सांगाडा काचेसारख्या सिलिकेच्या बारीक सुयांचा असतो. त्या कातडीत शिरतात म्हणून खाज येते. म्हणजे म्हातारीची खाज खरी होती, चूक होती ती फक्त नावाची. आणि तिला हसण्याचाही आपल्याला अधिकार नाही, कारण जॉन हॉग नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास नदीतला स्पंज ही वनस्पतीच होय, असे मोठ्या हिरिरीने प्रतिपादन केले होते.

हा वाद ज्या काळात रंगला होता त्याच काळात त्याचा निकाल लावायला मदत करणारे एक काम आपल्या मुंबईत चालले होते. हेन्री जॉन कार्टर हा मुंबईच्या लष्करी सेवेतला शस्त्रवैद्य. १८४२ मध्ये तो या देशात आला. दिवसाचे काम रोग्यांचे, पण मन सूक्ष्मदर्शकात. मुंबई बेटावर तेव्हा पुष्कळ तळी होती. त्यांतले स्पंज घरी आणून तो भांड्यांत वाढवीत असे आणि त्यांच्या पेशींची हालचाल तासन्‌तास पाहत असे. मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांच्या ‘प्राणित्वा’वर त्याने पहिले टिपण लिहिले आणि १८४९ मध्ये पाच जातींचे सविस्तर वर्णन छापले. उन्हाळ्यात तळे आटते, स्पंज वाळून मरतो. पण त्याच्या अंगात मोहरीहूनही लहान बिजे मागे राहतात आणि पावसाचे पाणी आले की त्यांतून स्पंज पुन्हा उगवतो, ही हकीकत त्याने बारकाईने पाहिली. १८६२ मध्ये तो इंग्लंडला परतला, पण स्पंजांचा नाद सुटला नाही. पुढे त्या विषयातला तो मोठा अधिकारी ठरला. रॉयल सोसायटीचे पदकही त्याला १८७२ मध्ये मिळाले.

त्या पाच जातींपैकी एकीची गोष्ट माझ्या विषयाला फार उपयोगी आहे. मुंबईतल्या एका स्पंजाला कार्टरने युरोपातल्या एका जातीचेच नाव देऊन टाकले होते. दिसायला सारखा, तेव्हा तोच असावा, हा सरळ तर्क. पुढे बोअरबँक या तज्ज्ञाने सुया आणि बिजे तपासली, तेव्हा ही जात अगदी वेगळी निघाली. १८६३ मध्ये त्याने तिला नवे नाव दिले, आणि ते दिले कार्टरचेच: स्पाँजिला कार्टेरी. ज्याची चूक निघाली त्याच्याच नावाने ती चूक दुरुस्त झाली. शास्त्राच्या इतिहासात असा उमदेपणा अधूनमधून दिसतो.

आता या कथेतल्या दुसऱ्या पात्राकडे वळतो. स्पंजाला शत्रू थोडे. सुयांनी भरलेले, उग्र वासाचे ते मांस कोण खाणार? पण निसर्गात कोणाचे तरी ताट कोणाच्या तरी नशिबी वाढलेलेच असते. स्पंज वनस्पतीच आहे असे म्हणणाऱ्या त्या हॉगलाच आपल्या स्पंजात काही विलक्षण अळ्या सापडल्या. वेस्टवूड या कीटकशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये त्यांचे वर्णन करून ‘ब्रँकिओटोमा’ असे नवे कोरे नाव ठेवले. अळी पाण्यातली, पोटाखाली सांध्यासांध्यांच्या कल्ल्यांच्या जोड्या, आणि तोंडाशी दोन लांब सरळ सुया. या सुया स्पंजात खुपसून ती त्याचा रस शोषते. तिचे मोठेपणीचे रूप कोणते, याचा मात्र पत्ता नव्हता. तो थोड्याच काळात ग्रूब या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने लावला. नदीकाठच्या झुडपांवर बसणारा सिसायरा नावाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा क्षुद्र कीटक शास्त्रज्ञांना अर्ध्या शतकापासून ठाऊक होता. ही त्याचीच अळी निघाली. एकाच जिवाला पाण्यात एक नाव आणि हवेत दुसरे, असा तो प्रकार होता. मराठीत या कीटकाला नाव नाही. आपण त्याला स्पंजमाशी म्हणू, जरी तो माशी नसून जाळपंखी कीटकांच्या कुळातला आहे.

या स्पंजमाशीचे आयुष्य मोठे मौजेचे आहे. मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी घालते आणि त्यांवर रेशमाचे पांघरूण विणते. अंड्यातून निघालेली अळी सरळ पाण्यात पडते आणि स्पंज शोधीत वाहत जाते. स्पंज सापडला नाही तर उपासमार ठरलेली. सापडला तर तिथेच खाऊन-पिऊन ती वाढते, आणि पूर्ण वाढ झाली की पाणी सोडून काठावर चढते. दगडाच्या फटीत किंवा झाडाच्या सालीवर ती जाळीचा दुहेरी कोश विणते. आचऱ्याच्या लोकांना हे सांगितले तर नवल वाटू नये. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर राहुट्यांत जातो. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. भरले घर सोडून ठरल्या वेळी बाहेर पडण्याची ही गावपळणीची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. फरक एवढाच की अळी परत येते ती पंख घेऊन.

हिंदुस्थानातल्या स्पंजमाशीला शास्त्रीय नाव मिळाले ते कलकत्त्यात. १९०७ मध्ये नेल्सन अ‍ॅनंडेल हा स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ तिथल्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. म्युझियमच्या आवारातल्याच तळ्यात त्याला स्पंज सापडले. समुद्रपार मोहिमा काढणाऱ्या माणसाने कचेरीच्या दारातले तळे वर्षानुवर्षे तपासावे, हे मला फार आवडते. संग्रहातले जाळपंखी कीटक कॉर्नेल विद्यापीठाच्या नीडहॅमने अभ्यासले आणि १९०९ मध्ये त्यांतल्या स्पंजमाशीला सिसायरा इंडिका हे नाव दिले. १९११ मध्ये गोड्या पाण्यातील स्पंजांवर अ‍ॅनंडेलचा ग्रंथ निघाला. स्पंजाच्या अंगात राहणाऱ्या सोबत्यांमध्ये त्याने या कीटकाच्या अळीची आवर्जून नोंद केली आहे.

इंडिका! एका शहरातल्या तळ्यांवरून नाव दिले गेले ते सबंध देशाचे. नावात कोणी लबाडी केली नव्हती, पण अशा नावाचा मनावर एक परिणाम होतो. सिंधूपासून कन्याकुमारीपर्यंत जिथे स्पंजमाशी दिसेल तिथे ती इंडिकाच असणार, असे आपण गृहीत धरतो. कार्टरनेही मुंबईच्या स्पंजाला युरोपचे नाव याच न्यायाने दिले होते.

हा न्याय किती फसवा आहे, हे ज्या माणसाने दाखवून दिले तो आचऱ्यापासून पाच-सहा कोसांवरच्या मालवणात जन्मला होता. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ चा. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक आणि थोर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेला १९९२ पासून त्यांचेच नाव आहे. पण त्यांच्या आयुष्याला वळण लावले ते एका प्राण्याने. तरुणपणी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत असताना सह्याद्रीत हिंडण्याचा त्यांना छंद होता. साताऱ्याकडे मेढ्याजवळ वेण्णा नदीच्या डोहांत त्यांना नाण्याएवढ्या पारदर्शक छत्र्या तरंगताना दिसल्या. त्या गोड्या पाण्यातल्या जेलीफिश होत्या. अ‍ॅनंडेलने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि नाव ठेवले लिम्नोक्नायडा इंडिका.

त्यात एवढे विशेष काय? विशेष हे की लिम्नोक्नायडा ही प्रजाती तोवर फक्त आफ्रिकेची समजली जात होती. टांगानिका सरोवरात ती १८८३ मध्ये प्रथम दिसली आणि पुढे त्याच खंडातल्या इतर पाण्यांत. प्राण्यांच्या प्रसाराचे नकाशे काढणाऱ्यांनी आफ्रिकेभोवती रेघ ओढली होती आणि त्या रेघेवर तर्कांचे इमले चढू लागले होते. मेढ्याच्या एका डोहाने ती रेघ अरबी समुद्र ओलांडून सह्याद्रीपर्यंत आणली. जेलीफिश काही १९११ मध्ये तिथे पोचली नव्हती; ती होतीच. वेण्णेच्या काठच्या पोरांनीही ती पाहिली असणार. पोचले होते ते आघारकर.

नकाशावरचा ठिपका प्राणी कुठे आहे हे सांगतो, असे आपण मानतो. वास्तविक तो माणूस कुठे गेला होता हे सांगतो. कलकत्त्यात ठिपके दाट, कारण तिथे अ‍ॅनंडेल होता. मुंबईच्या स्पंजांचे ठिपके जुने, कारण तिथे कार्टर होता. आज जगात स्पंजमाशीच्या सत्तरांहून अधिक जाती ओळखल्या गेल्या आहेत, अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत. ब्रह्मदेशातल्या दहा कोटी वर्षांच्या राळेत या कुळाचे कीटक अडकलेले मिळाले आहेत. इतक्या जुन्या घराण्याने कोकणची वाट चुकवली असेल, हे संभवत नाही.

म्हणून म्हातारी धुणे आटोपून गेल्यावर मी स्पंज चिकटलेला एक चिरा पाण्यासकट बरणीत घेतला. भिंगाखाली पाहताना स्पंजाच्या एका छिद्रापाशी काहीतरी हलले. फिकट हिरवी, दोन-तीन मिलिमीटरची अळी, आणि तोंडापुढे त्या दोन सुया. चित्रात पाहिलेली वस्तू प्रत्यक्ष हलताना पाहण्याचा आनंद निराळाच असतो. बरणीत एक काटकी उभी करून ठेवली. आठ दिवसांनी दोन अळ्या तिच्यावरून वर चढल्या. एक वाळून गेली. दुसरीने जाळीचा कोश विणला, आणि बाराव्या दिवशी सकाळी बरणीच्या फडक्याखाली जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा एक तपकिरी कीटक पंख छपरासारखे मिटून बसला होता.

मग ओळख पटविण्याचे काम सुरू झाले. तपकिरी लेसविंगही दिसायला असाच असतो. पण त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेजवळील आडव्या शिरांना फाटे फुटतात, स्पंजमाशीच्या त्या शिरा साध्या असतात. माझ्या कीटकाच्या साध्या होत्या. कुळ ठरले, सिसायरा ही प्रजातीही ठरली. पुढे मात्र मी अडलो. जाती वेगळ्या पाडायच्या तर नराच्या पोटाचे शेवटचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, आणि माझ्या बरणीत जन्मली होती ती मादी.

हातात चिठ्ठी आणि लेखणी होती. सिसायरा इंडिका असे लिहायला किती मोह झाला म्हणून सांगू! देश तोच, प्रजाती तीच, आणि चिठ्ठी तपासायला येणार कोण? पण अशी एक चिठ्ठी संग्रहात गेली की तिच्यावरून नकाशात ठिपका पडतो, ठिपक्यावरून पुस्तकात वाक्य येते, आणि ते वाक्य खोडायला बोअरबँकसारखा माणूस यावा लागतो. त्याला किती वर्षे लागतील याचा नेम नाही. मी लिहिले: “सिसायरा, जाती अनिश्चित. मादी, एक. आचरा, तालुका मालवण. स्पंजातील अळीपासून वाढविली.” आणि खाली तारीख.

नर मिळवायला पुढच्या माघात गेलो, तर तळीच्या काठावर सिमेंटची पोती रचलेली. पाणी उपसून, दगड घासून, आतून गिलावा करायचे गावातल्या तरुण मंडळींनी ठरविले होते. त्यांचा हेतू वाईट कसा म्हणू? म्हातारीची खाज जाणार होती, पाणी नितळ होणार होते. मुंबईचा धोबी तलाव आणि गोवालिया टँकही लोकांच्या भल्यासाठीच बुजले. पाणी गेले, नावे राहिली. मी त्या मुलांना बरणीची हकीकत सांगितली, भिंगातून वाळलेला स्पंज आणि त्यातली बिजे दाखविली. एकाने भिंग बराच वेळ डोळ्याला लावून ठेवले. मग म्हणाला, “काका, एक बाजू ठेवतंव तशीच. पण तळी साफ होवकच व्हयी.” सौदा रास्त होता.

उत्तरेकडचे जांभे दगड आज तसेच आहेत. स्पंजाची बिजे त्यांच्या खाचांत असली तर पाण्याने ती फुटतील. कार्टरने तळ्यांत हेच पाहिले होते. स्पंज आला तर माशीही येईल. येत्या माघात मी पुन्हा त्या पायऱ्यांवर बसणार आहे. म्हातारी भेटली तर ते शेवाळ नव्हे, असे या वेळी तिला सांगेन म्हणतो. ती हसेल, पण खाजेचे कारण तिला पटेल, अशी मला आशा आहे.