अक्षमता की बुडालेली शाळा? विशेष शैक्षणिक साहाय्याची पात्रता

तिसरीच्या वर्गातील मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत, फळ्यावरचे उतरवताना तो अक्षरे गाळतो, वजाबाकीत हातचा विसरतो. अशा मुलाला विशेष शिक्षकाचे साहाय्य द्यावे की केवळ अधिक सराव, हा निर्णय प्रथम शाळेलाच घ्यावा लागतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात हा निर्णय विशेष अवघड ठरतो. येथील भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गळीत हंगामासाठी बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर अनेकदा मुलेही जातात. मूल वाचू शकत नाही, ते त्याच्या मेंदूच्या घडणीमुळे की वर्षातील निम्मे महिने ते उसाच्या फडावर होते म्हणून, हे वर्गातील निरीक्षणावरून सहज कळत नाही.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेला कायद्याची मान्यता उशिरा मिळाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत तिचा समावेश नव्हता. महाराष्ट्र शासनाने मात्र १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. त्या काळी तपासणीच्या सोयी मुख्यतः मुंबईतील शीवसारख्या मोठ्या रुग्णालयांत होत्या, त्यामुळे लाभ प्रामुख्याने महानगरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना झाला. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटाने डिसलेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचवला, परंतु चाचण्या पोहोचल्या नाहीत. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले.

या व्यवस्थेला दोन दारे आहेत आणि त्यांची गल्लत पालक व शिक्षक दोघेही करतात. पहिले दार शाळेचे. वर्गशिक्षकाने मूल मागे पडत असल्याची नोंद करावी, पडताळणी सूची भरावी आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाने मुलाची पुन्हा तपासणी करावी, असा हा क्रम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘प्रशस्त’ ही सूची याच दोन टप्प्यांवर बेतलेली आहे. ही सूची निदान करीत नाही. कोणाला पुढे पाठवावे एवढेच सुचवते. वर्गात पुढे बसवणे, तोंडी उत्तरे घेणे, पाठ लहान भागांत शिकवणे यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. ‘आधी कागद आणा’ असे शाळेने सांगावे, याला शैक्षणिक आधार नाही.

दुसरे दार रुग्णालयाचे. परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक, विषयातील सूट अशा सवलतींसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याची पद्धत प्रथम ठरवून दिली. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या. २०१८ च्या सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेने चाळणी करावयाची होती आणि त्यासाठी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती अपेक्षित होती. पुढे बालरोगतज्ज्ञाने दृष्टी व श्रवण तपासावे, मानसशास्त्रज्ञाने बुद्ध्यांक काढावा आणि तो ८५ हून अधिक असल्यासच बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेची वाचन, लेखन व गणिताची चाचणी घ्यावी, असा क्रम होता.

या ८५ च्या रेषेने एक मोठा गट अधांतरी ठेवला. त्याच सूचनांत सामाजिक परिपक्वतेचा गुणांक ७० ते ८४ असणाऱ्यांना सीमावर्ती ठरवून २५ टक्के दिव्यांगत्व दिले होते. बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे अशा मुलाची अडचण कागदावर मान्य होते, परंतु त्यातून हाती काही लागत नाही. आणि बुद्ध्यांक ८५ च्या खाली असल्याने अध्ययन अक्षमतेचे दारही बंद. त्याला आधार उरतो तो वर्गशिक्षकाचाच.

स्थलांतरित मुलाची अडचण याहून वेगळी आहे. अपुरे शिक्षण हे मागे पडण्याचे कारण असेल, तर त्यास अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही, हे जगभर मान्य असलेले सूत्र आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेनुसार विशेष प्रयत्न करूनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे. आता जिल्ह्याचे वेळापत्रक पाहावे. शाळा जूनच्या मध्यास उघडते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. मूल एका शाळेत सलग जेमतेम पाच महिने असते. ज्या निकषाने त्याला न्याय मिळावयाचा, तो पूर्ण करण्याइतका काळ त्याला मिळतच नाही. शिक्षक सावध असेल तर तो ‘शाळा बुडाल्यामुळे’ असा शेरा लिहितो, आणि खरोखर अक्षमता असलेले मूल दरवर्षी त्याच शेऱ्याखाली झाकले जाते.

यावर उपाय मुळीच नाही असे नव्हे. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलासोबत जाणारे शिक्षण हमी पत्रक ही साधने शासनाकडे आहेत. हमी पत्रकात वर्ग व प्रगती यांबरोबर शिक्षकाची निरीक्षणेही नोंदवली, तर पुढच्या शाळेला शून्यापासून प्रारंभ करावा लागणार नाही. आणखी एक साधी कसोटी अनुभवी शिक्षक वापरतात. त्याच टोळीत गेलेली, तितकीच शाळा बुडालेली भावंडे परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत वाचू लागली आणि एकच मूल मागे राहिले, तर कारण केवळ गैरहजेरी नसावे.

भाषेचाही प्रश्न आहे. उमरग्याच्या सीमाभागात घरी कन्नड, तांड्यांवर गोरबोली आणि शाळेत मराठी, असे चित्र दिसते. परक्या भाषेतील चाचणीत कमी गुण मिळणे म्हणजे अक्षमता नव्हे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीत उपलब्ध आहे, ही या भागाच्या दृष्टीने उपयुक्त बाब.

शाळेने नाव पुढे पाठवले नाही तरी पालकांना दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर थेट अर्ज करता येतो. प्रमाणपत्राबाबतचा निर्णय अमान्य असल्यास २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ अन्वये अपिलाची तरतूद आहे. अर्जासोबत शाळेची हजेरी, जुन्या वह्या आणि शिक्षकाच्या नोंदी जोडलेल्या बऱ्या. तपासणाऱ्या तज्ज्ञाला मुलाचा पूर्वेतिहास त्यांतूनच समजतो.