कथानक नसलेली गोष्ट आमच्या काय कामाची?

आमच्या नागपुरात वेगळ्या वाटेने लिहू पाहणाऱ्या तरुणाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "तुझ्या कथेत गोष्टच नाही. चळवळीला तिचा काय उपयोग?" हा प्रश्न आमच्याच कार्यकर्त्यांचा आहे, म्हणून उत्तर आमच्याच इतिहासातून द्यायला हवे.

१९६३ साल घ्या. त्या वर्षी नेमाड्यांची 'कोसला' आली आणि बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रहही. 'कोसला'त डायरी आहे, विषयांतरे आहेत, इतिहासलेखनाची टर आहे. मराठी समीक्षेने तिला नवा प्रयोग म्हणून डोक्यावर घेतले. बागुलांच्या शीर्षककथेला पक्के कथानक आहे: जात लपवली, उघड झाली, मार बसला. ते कथानक जातिव्यवस्थेनेच रचून ठेवले होते.

मग आम्ही कायम असेच लिहायचे का? १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दया पवार एका माणसाचे दोन करतात. दगडू सांगतो, शिकलेला दया पवार ऐकतो. आठवणी मुंबईचा कावाखाना आणि गावचा महारवाडा यांत ये-जा करतात. १९८१ मध्ये नागपूरच्या कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' आले. तेही आत्मकथनच, पण जन्मापासून ओळीने चालणारे नाही. सुटे लेख आहेत. संस्कृतात एम.ए. होऊनही त्यांना नोकरीसाठी वणवण करावी लागली. नोकरी मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर, बदललेल्या आडनावावर. असे आयुष्य सरळ रेषेत कसे बसेल?

पण या मोडतोडीला 'प्रयोग' म्हणायला समीक्षा कचरली. तिने आमची वेदना पाहिली, रचना पाहिली नाही. त्यांचे विषयांतर ही कला आणि आमचे ते दस्तऐवज! आता आमचेच लोक तरुणांकडून फक्त दस्तऐवज मागत असतील, तर आम्ही तोच निवाडा पुढे चालवतो आहोत.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुन्हा वाचा. लहानपणीचा प्रवास, बडोदा, चाळीसगाव, दौलताबादचा किल्ला आणि शेवटी इतरांचे अनुभव. सगळे सुटे प्रसंग, पण सूत्र कुठेच सुटत नाही.

आमची कसोटी एवढीच: विस्कळीतपणा जगण्यातून आला आहे की फॅशन म्हणून? जात झाकण्यासाठी केलेला प्रयोग आम्हाला नको. जात उघडी पाडणारा असेल, तर कथानक नसले तरी बिनधास्त लिहा.

जय भीम!