अक्षराला अक्षर जोडताना



बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल पुस्तकातल्या 'मका' या शब्दापाशी अडतं, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी घरी पाहिलं असेल. अक्षरं येतात, पण जोडता येत नाहीत. ही अडचण जुनी आहे. आज तिचाच थोडा इतिहास पाहू या.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. फळीवर धूळ पसरायची आणि काडीनं अक्षर काढायचं. त्यावरूनच 'धुळाक्षरं' हा शब्द आला. सुरुवात 'ओनामासीधं'नं व्हायची. मूळचं 'ॐ नमः सिद्धम्' पोरांच्या तोंडी असं झालं. मग बाराखडी, उजळणी, पाढे, सगळं मोठ्यानं पाठ. 'ग म भ न' हा क्रमही हाताच्या सोयीचा, कारण ही अक्षरं एकमेकांच्या वळणाची. हात वळायचा, पाठांतर पक्कं व्हायचं, शब्द मात्र मागे राहायचा. आणि मुलींना तेवढंही मिळत नव्हतं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती याच काळात.

पुढे तिकडे रोममध्ये मारिया माँटेसरींनी १९०७ साली बालगृह सुरू केलं. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत त्याचा आवाज काढायचा, ही त्यांची रीत. तो विचार आपल्याकडे रुजवला ताराबाई मोडकांनी. १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांच्या साथीनं त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं.

शब्द जोडण्याच्या प्रश्नाला नेमका हात घातला तो फलटणला. भाषेच्या अभ्यासक डॉ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि इथल्याच झाल्या. १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबायचं नाही, थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची आणि लगेच शब्द वाचायचे, ही त्यांची पद्धत. समजा, म, क, स, र आणि काना एवढंच घेतलं. काका, मामा, मका, मासा, काम, कासरा! पहिल्याच आठवड्यात मूल ओळखीचा शब्द वाचतं आणि वाचणं म्हणजे काय ते त्याला कळतं.

मराठीत जोडताना दोन ठिकाणी मूल अडतं. 'फ-ण-स' सुटं म्हणताना 'स' पूर्ण उच्चारतो, पण 'फणस' म्हणताना शेवटचा 'अ' गळतो. आणि 'दिवा'मधली पहिली वेलांटी दिसते आधी, बोलतो आपण नंतर. तेव्हा मूल अडलं तर रागावू नका. हळू म्हणा, मग भरभर म्हणा, शब्द आपोआप जुळतो.

बचत गटाच्या रजिस्टरवर अंगठ्याच्या जागी आता आपल्या सह्या आल्या. पण सही गिरवून गिरवूनही येते. पासबुकातली ओळ वाचायला अक्षरं जोडावीच लागतात. आपल्या लेकरांची गाडी सहीपाशी थांबू नये.

त्यासाठी आईला वाचता यायलाच हवं असं नाही. भाकरी थापताना म्हणा, "मी तोडते, तू जोड : ना-र-ळ." मग "का-जू", "मा-ड". पोर ओरडेल तो शब्द बरोबर की चूक, हे आपल्या कानाला कळतंच. कानानं जोडायची सवय लागली, की पुस्तकातलं अक्षर जोडणं सोपं जातं. आजच रात्री करून बघा, आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.