लिव्हीची प्रत

१४७५ साली फ्लॉरेन्समधल्या एका मुद्रकाला लिव्हीचा रोमचा इतिहास छापायचा होता आणि त्यातल्या नगरांची, नद्यांची, डोंगरांची सूची करणारा माणूस हवा होता. वकिली बेताचीच चालणाऱ्या बर्नार्दो मॅकियाव्हेलीने ते काम पत्करले आणि नऊ महिने खपून तडीला नेले. मेहनताना म्हणून ग्रंथाची छापील पाने त्याच्याकडेच राहिली. अकरा वर्षांनी ती बांधणीला गेली. बांधणाऱ्याची मजुरी बर्नार्दोच्या रोजनिशीत टिपलेली आहे : तीन बाटल्या तांबडी वाइन आणि एक बाटली व्हिनेगर. तेव्हा घरातला थोरला मुलगा निकोलो सतरा वर्षांचा होता.

धूर्त राजकारणाला ज्याचे नाव चिकटले तो हाच निकोलो मॅकियाव्हेली. त्याला ओळखायचे तर त्याच्या ‘द प्रिन्स’ या गाजलेल्या ग्रंथाआधी वडिलांच्या या पुस्तकाकडे पाहायला हवे.

१४९८ च्या मे महिन्यात साव्होनारोला या धर्मोपदेशकाला फ्लॉरेन्सच्या भर चौकात फाशी देऊन जाळले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच एकोणतीस वर्षांचा निकोलो प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या कचेरीचा सचिव झाला. पुढची चौदा वर्षे खलिते लिहिण्यात आणि घोड्यावरून दरबार पालथे घालण्यात गेली. फ्रान्सचा बारावा लुई, सम्राट माक्सिमिलियन, पोप दुसरा जुलियस, सगळे त्याने जवळून पाहिले. १५०२ च्या अखेरीस तो मध्य इटलीत राज्य उभारू पाहणाऱ्या चेझारे बोर्जाच्या छावणीत होता. बोर्जाने रेमिरो दे ओर्को या आपल्याच कठोर कारभाऱ्याला प्रांतात जरब बसवायला नेमले होते. काम झाल्यावर लोकांचा राग आपल्यावर येऊ नये म्हणून बोर्जाने रेमिरोचे दोन तुकडे करून चेझेनाच्या चौकात टाकले. लोक सुखावलेही आणि हबकलेही. सत्ता चालते कशी, याचा हा धडा निकोलो कधीच विसरला नाही.

फ्लॉरेन्सची लढाई मात्र भाडोत्री सेनापती लढत. आज या शहराचा पगार, उद्या त्या शहराचा. जीव कशाला घालवायचा? पिसा परत मिळवताना शहर वर्षानुवर्षे त्यांच्यावर पैसा ओतत होते. रोमचे नागरिक स्वतः शस्त्र धरत, हे लिव्हीत वाचलेल्या निकोलोला ते सलत असे. त्याने खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची भरती केली, १५०६ मध्ये त्यांच्या दलाचा कायदाही करून घेतला. १५०९ मध्ये पिसा शरण आले तेव्हा हे शेतकरी वेढ्यात होते. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत अभिमानाचा क्षण असावा.

तीनच वर्षांनी प्रातो गावी स्पॅनिश फौजेसमोर तेच दल उधळले. गावात भीषण कत्तल झाली, प्रजासत्ताक कोसळले, पूर्वी शहरावर हुकमत गाजवलेले मेदिची घराणे परतले. निकोलोची नोकरी गेली. मेदिचींविरुद्धच्या एका कटवाल्याच्या यादीत नाव सापडल्यामुळे फेब्रुवारी १५१३ मध्ये त्याला पकडले, हात पाठीमागे बांधून दोराने वर ओढून झटक्याने खाली सोडले. एकदा नव्हे, सहा वेळा. त्याने काहीही कबूल केले नाही. मेदिचींपैकी एक जण पोप झाला, त्या आनंदात सुटलेल्या कैद्यांत तोही होता.

मग सांतांद्रेआ गावातले त्याचे छोटे शेत. डिसेंबरात मित्र व्हेत्तोरीला लिहिलेल्या पत्रात त्याने तिथला दिवस सांगितला आहे. सकाळी लाकूडतोड्यांशी कटकट, दुपारी खानावळवाला, खाटीक, पीठगिरणीवाला यांच्यासोबत पत्ते, आणि चार दिडक्यांवरून आसपास ऐकू जाईल एवढा आरडाओरडा. संध्याकाळी मात्र चिखलाचे कपडे उतरवून तो दरबारी झगा चढवी आणि जुन्या ग्रंथकारांच्या संगतीत चार तास बसे. तिथेच ‘द प्रिन्स’ लिहिले गेले. ते त्याने मेदिचींना अर्पण केले. आपल्याला पुन्हा कामावर घ्यावे एवढीच आशा होती.

त्याचे मन मात्र पूर्णपणे उतरले ते दुसऱ्या ग्रंथात, लिव्हीवरच्या विवेचनात. रोममधले सामान्यजन आणि उमराव सतत भांडत, म्हणून ते राज्य दुबळे होते, असे पंडित मानत. मॅकियाव्हेलीने हे उलटवले : त्या भांडणांतूनच स्वातंत्र्य राखणारे कायदे जन्मले. ‘द प्रिन्स’मधल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा हा विचार धाडसी आहे, आणि तो वाचला नाही तर माणूस अर्धाच कळतो.

मे १५२७ मध्ये मेदिची पुन्हा हाकलले गेले, प्रजासत्ताक परतले. जुनी जागा आपल्याला मिळेल, असे निकोलोला वाटत होते. पण मधल्या काळात मेदिचींकडून मिळालेली कामे त्याच्या आड आली. जागा दुसऱ्याला मिळाली आणि २१ जूनला तो गेला.

लिव्हीवरचा ग्रंथ रोमच्या आंतोनियो ब्लादोने १५३१ मध्ये छापला, ‘द प्रिन्स’ पुढच्या वर्षी. १५५९ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत दोन्ही एकदमच गेले.