थांबवून ठेवण्याचे गणित

साहित्याच्या अभ्यासकाला वाहतूक-अभियांत्रिकीच्या इतिहासात काय सापडणार, ही शंका रास्त आहे. पण 'असे घडले नसते तर काय झाले असते' हा जो प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, तोच एका शासकीय खात्याला जाहीरपणे विचारला गेला, असे उदाहरण या इतिहासात आहे.

अमेरिकेतील फ्रीवेवर चढणाऱ्या जोडरस्त्याला रॅम्प म्हणतात. त्याच्या टोकाशी दिवा बसवून मोटारी एकेक करून आत सोडणे म्हणजे रॅम्प मीटरिंग. शिकागोत १९६३ साली आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर हे काम आधी पोलीस शिपाई हातानेच करीत असे. तर्क सोपा आहे. घोळक्याने घुसलेल्या मोटारी मुख्य प्रवाह मोडतात आणि एकदा कोंडी झाली की रस्त्याची वाहून नेण्याची शक्तीच घटते. म्हणून थोड्यांना थोडा वेळ अडवले, तर सर्वांचाच वेळ वाचतो.

हे 'सर्वांचा' प्रकरण मात्र तपासून पाहिले पाहिजे.

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत २००० सालापर्यंत असे सुमारे ४३० दिवे होते. काही रॅम्पवरील प्रतीक्षा असह्य झाली होती. डिक डे या सिनेटरांनी दिव्यांविरुद्ध मोहीम उघडली आणि विधिमंडळाने खात्याला दिवे बंद ठेवून अभ्यास करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २००० पासून सुमारे आठ आठवडे सर्व दिवे बंद राहिले. निष्कर्ष असे निघाले: फ्रीवेवरील वाहनसंख्या ९ टक्क्यांनी घटली, तेथील प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, अपघात २६ टक्क्यांनी वाढले. अभियंते बरोबर ठरले. पण तक्रार करणारे चूक ठरले का?

येथे संगणकीय प्रतिरूपाचा, म्हणजे सिम्युलेशनचा विचार करावा लागतो. या शास्त्राची एक परंपरा लाइटहिल आणि व्हिदम यांच्या १९५५ च्या निबंधाशी जाते. तिच्यात वाहतूक म्हणजे वाहते द्रव्य, चालक अदृश्य. दुसऱ्या परंपरेत प्रत्येक मोटार स्वतंत्र असते: पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे, किती फट दिसली की आत घुसायचे, हे तिचे स्वभावविशेष. आम्हांला ही दुसरी परंपरा कथनाच्या अधिक जवळची वाटते, पण ती पात्रे फारच आज्ञाधारक असतात. किती मोटारी येणार हे लेखकाने आधीच ठरवले असेल, तर लांब रांग पाहून गल्लीबोळांतून निघून जाणारा माणूस त्या कथेत येतच नाही. कोंडीनंतर रस्त्याची शक्ती घटते हे गृहीतक लिहायचे राहिले, तर दिव्यांचा बराचसा लाभही दिसेनासा होतो.

तरीही प्रत्यक्ष प्रयोगाला न साधणारी एक गोष्ट प्रतिरूपाला साधते: तीच सकाळ दोनदा घडवणे. आठ आठवड्यांची ती 'सुट्टी' शरदातली होती, पाऊस-बर्फ त्या आठवड्यांचे होते, आणि लोकांच्या सवयी बदलायला तेवढा अवधी पुरतो असे आम्हांला वाटत नाही.

परंतु दोन्ही पद्धतींत बेरीज एकच होते, एकूण वाहन-तासांची. रॅम्पवर गेलेले मिनिट आणि धावत्या गाडीतले मिनिट त्या बेरजेत समान. डेव्हिड लेव्हिन्सन आणि लेई झँग यांनी याच बंदीच्या आकडेवारीतून दाखवले की लाभ मुख्यतः लांबच्या प्रवाशांना मिळतो, तर जवळ जाणाऱ्याच्या वाट्याला तोटा येऊ शकतो. दूरच्या उपनगरातून येणारा मोकळ्या रस्त्यावर आधीच चढलेला असतो. शहरालगत राहणारा त्याच्यासाठी दिव्यापाशी खोळंबतो. सरासरीत हे दोघे एकमेकांत मिसळून जातात. आमच्या मते खरा वाद हाच होता, आणि तो कार्यक्षमतेच्या भाषेत लढला गेल्यामुळे अर्धाच लढला गेला.

दिवे पुन्हा लागले ते नव्या नियमानिशी: साध्या रॅम्पवर चार मिनिटांहून, आणि एका फ्रीवेवरून दुसऱ्यावर जाताना दोन मिनिटांहून अधिक कोणाला थांबवायचे नाही. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी ही पद्धत पुढे सिम्युलेशनमध्ये घालून पाहिली. रॅम्पवरील खोळंबा कमी झाला. मुख्य रस्त्यावरचा काहीसा वाढला. ती चार मिनिटे मात्र प्रवाहाच्या कोणत्याही समीकरणातून निघालेली नव्हती.